मे महिन्यातील गारवा : उष्णता गेली कोठे?

मे महिना सरत आला की कोकणात आगोटीच्या कामांची घाई उडते. अंगणात आमसुले वाळत असतात, ताटांत आंब्याची साटे पसरलेली असतात, घरे शाकारली जातात, पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवली जाते. काही शेतकरी कोरड्या मातीतच भाताचे बी पेरून मोकळे होतात. या पेरणीला धूळवाफ पेरणी म्हणतात. या सर्व कामांचे भांडवल एकच, ते म्हणजे कडक ऊन.

२०२५ साली मात्र ऐन मे महिन्यात हे भांडवलच नाहीसे झाले. २२ मेच्या सुमारास दक्षिण कोकण व गोव्याच्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. ते अधिक तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरी व दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, २५ मेला महाराष्ट्रात व २६ मेला मुंबईत. मुंबईत त्याची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून! १९५० पासूनच्या नोंदींत तो मुंबईत इतक्या लवकर कधीच आलेला नव्हता. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे असून ती १९५६, १९६२ आणि १९७१ या वर्षांची आहे. कुलाबा वेधशाळेत १९१८ सालापासून अबाधित राहिलेला मे महिन्यातील पावसाचा उच्चांकही या वेळी मोडला.

विद्यार्थी मित्रांनो, या आठवड्यात एक विचार करण्याजोगी गोष्ट घडली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावर येतो व महिन्याच्या मध्यास मुंबईच्या. म्हणजे मेअखेर तो जवळजवळ डोक्यावरच असतो. सूर्य तोच, समुद्रही तितकाच उबदार. मग एरवी घामाने हैराण करणारी उष्णता गेली कोठे? उष्णता ही ऊर्जा आहे आणि ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा आपण तिचा माग काढू.

पाणी कोठून आले?

मे महिन्यात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यात सुमारे १७ ग्रॅमच मावते. उरलेल्या बाष्पाला पाण्याचे रूप घ्यावेच लागते.

हवा थंड होण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिने वर चढणे. वर दाब कमी असतो, त्यामुळे हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कमी दाबाच्या क्षेत्रात चारी बाजूंनी हवा आत येते. तिला खाली जाण्यास वाव नसल्यामुळे ती वर चढते. शिवाय किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यांच्या वाटेत सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. तोही त्यांना वर चढण्यास भाग पाडतो. ढग आणि पाऊस यांची ही दुहेरी व्यवस्था त्या आठवड्यात एकाच वेळी कामाला लागली होती.

उष्णतेचा जमाखर्च

आता एक चौरस मीटर जमिनीचा ढोबळ हिशेब मांडू. परावर्तन वगैरे गोष्टी तूर्त बाजूस ठेवू.

मे महिन्यातील निरभ्र दिवशी या तुकड्यावर सुमारे २४० लाख ज्यूल सौर ऊर्जा पडते. दाट ढगांच्या दिवशी ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. ८० लाख ज्यूल धरू. उरलेला बराचसा प्रकाश ढगांच्या पांढऱ्या माथ्यावरूनच अवकाशात परततो. उष्णतेची पहिली वाट ही : ती जमिनीपर्यंत आलीच नाही.

आता जमीन ओली आहे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. ही ऊर्जा वाफेत जाते, पण त्यामुळे तापमान वाढत नाही. म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. आपल्या तुकड्यावरून दिवसभरात दोन लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर ४८ लाख ज्यूल खर्ची पडले. जमीन आणि हवा तापवण्यास उरले फक्त ३२ लाख! कोरड्या, निरभ्र दिवसाच्या २४० लाखांशी ही शिल्लक ताडून पाहा. ही उष्णतेची दुसरी वाट.

पण बाष्पाबरोबर गेलेली उष्णता पुढे कोठे जाते? वर ढगात बाष्पाचे पाणी झाले की तेथील हवेला ती परत मिळते. त्यामुळे ढगातील हवा गरम व हलकी होऊन आणखी वर चढते. आपल्याला खाली गारवा लागतो तेव्हा काही किलोमीटर उंचीवर उष्णता मोकळी होत असते. पावसाळी ढगाचे इंजिन याच इंधनावर चालते.

हे इंधन किती असते? एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. म्हणजे दर चौरस मीटरला ५० लिटर पाणी. ते तयार होताना ढगात ५० × २४ = १२०० लाख ज्यूल उष्णता मोकळी झाली. म्हणजे पाच निरभ्र दिवसांचे ऊन! एवढी ऊर्जा त्या जागेला एका दिवसात मिळणे शक्य नाही. ती दूरवरच्या समुद्रावर अनेक दिवस पडलेल्या उन्हाची मिळकत आहे. वाऱ्यांनी ती बाष्पाच्या रूपाने गोळा करून कोकणात आणली.

सरीपूर्वीचा गार झोत

पावसाची सर येण्यापूर्वी गार वाऱ्याचा झोत येतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. आपल्याकडे या दिवसांत सुमारे ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाजवळ असते. उंच ढगांतील पावसाचे पुष्कळसे थेंब वर हिमकणांच्या रूपात जन्मतात. खाली येताना ते वितळतात आणि वाटेत त्यांची थोडी वाफही होते. दोन्ही क्रियांना लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. ही थंड, जड झालेली हवा थेंबांबरोबर खाली येते आणि जमिनीवर आपटून चोहीकडे पसरते. सरीच्या आधी आपल्या अंगाला लागतो तो हाच झोत.

गार, पण कोरडे नव्हे

त्या आठवड्यात हवा गार होती, मग आमसुले का वाळत नव्हती? वाळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. बाष्पीभवनास लागणारी ऊर्जा आणि बाष्पाला हवेत मोकळी जागा. ढगांनी पहिली तोडली व दमट हवेने दुसरी. अशा वेळी आमसुलांना बुरशी येते, साटे चिकट राहतात, झाडावरच्या उरल्यासुरल्या हापूसवर फळमाशी व करपा यांचा जोर होतो. शहरातल्या माणसाला सुखद वाटणारा गारवा बागायतदाराला आणि मासळी सुकवणाऱ्या बाईला महागात पडतो, तो असा.

माठाचेही तसेच. देशावर, कोरड्या हवेत माठातील पाणी छान गार होते. कोकणातल्या दमट हवेत ते तितके गार होत नाही. कारण तुम्हीच सांगा.

गारवा आला म्हणजे मोसम आला काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चार दिवस पाऊस पडला, हवा गार झाली, म्हणून मोसमी पाऊस आला असे म्हणता येत नाही. हवामान खाते केरळातील आगमन जाहीर करताना तीन गोष्टी तपासते. १० मे नंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी निदान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. पश्चिमेकडून येणारे वारे पुरेशा वेगाचे आणि सुमारे ४ किलोमीटर उंचीपर्यंत खोल असावे लागतात. आणि ढगांचे आच्छादन दाट असावे लागते. ते उपग्रहांच्या साहाय्याने, पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता मोजून ठरवतात.

आगमन झाले तरी पुढची वाटचाल सलग असतेच असे नाही. २०२५ साली मेअखेर मोसमी पावसाची प्रगती थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. मातीवरचा ओलावा पाहून घाईने पेरले आणि नंतर पावसाने दडी मारली, तर रोप करपते व दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. कोकणात अडचण उलटी होती. जमीन ओली राहिल्याने धूळवाफ पेरण्या अनेक ठिकाणी खोळंबल्या. पाऊस एकच, पण घाटाखाली आणि घाटावर त्याचे प्रश्न वेगळे!

करून पाहा

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून पंख्याने वारा घाला. पाच मिनिटांनी दोन्हींवरील अंश लिहून घ्या. हाच प्रयोग कडक उन्हाच्या दिवसांत आणि पावसाच्या दिवसांत करा. दोन तापमानांतील फरक कोणत्या दिवसांत कमी येतो? का?

२. सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी उघड्या जागी ठेवून पर्जन्यमापक बनवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा व बरणी रिकामी करा. हवामान खातेही पावसाची नोंद याच वेळी घेते.

३. तुमच्या शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे आहे आणि एका दिवसात ४० मिलिमीटर पाऊस पडला. छपरावर किती लिटर पाणी पडले? ते वर ढगात तयार होताना किती ज्यूल उष्णता मोकळी झाली?

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर काढल्यावर तो आकडा वर्गातील फळ्यावर लिहून ठेवा. पुढच्या सरीच्या वेळी गार वारा सुटला की फळ्याकडे एकदा नजर टाका. उष्णता कोठे गेली, हे मग कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.