वसतिगृहाचं ताट आणि पायातल्या मुंग्या

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून कोयत्याच्या टोळ्या बाहेर पडतात. आई-बाप कारखान्याच्या फडावर, मुलं मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पाच-सहा महिने या मुलांना दुसरंच कुणी वाढतं, आणि जे वाढेल ते त्यांना खावं लागतं. आज ज्या आजाराबद्दल लिहितो आहे, तो जगभर अशाच ठिकाणी माजला: तुरुंगात, जहाजावर, वेड्यांच्या इस्पितळात, वेढ्यात अडकलेल्या फौजेत. आजाराचं नाव बेरीबेरी. शरीरातलं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, संपलं की तो होतो.

भात, भाकरी, साखर यांपासून शक्ती तयार करायला शरीराला थायमिन लागतं. ते नसेल तर पोटभर जेवूनही नसा, हृदय आणि मेंदू उपाशी राहतात. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. खाण्यातून भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो आटतो. म्हणूनच रोज तेच ते जेवण देणारं स्वयंपाकघर चुकलं, तर एकाच महिन्यात एकाच छपराखालचे अनेक जण आजारी पडू शकतात.

हे उमगायला फार जीव गेले. जावा बेटावर डच सरकारचे डॉक्टर जंतू शोधत होते. तिथे ख्रिस्तियान आइकमन यांना दिसलं की पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. मग अडॉल्फ फोर्डरमन यांनी जावातल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पावणेतीन लाखांहून जास्त कैद्यांच्या नोंदी पाहिल्या. पॉलिश केलेला तांदूळ शिजत होता तिथे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, तर कोंड्यासकट तांदूळ होता तिथे दहा हजारांत एकाला. १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी निम्म्या रुग्णांना साधा पांढरा तांदूळ दिला, निम्म्यांना उकडा. पांढऱ्या तांदळाच्या गटातले १८ जण बेरीबेरीने दगावले, उकड्याच्या गटातला एकही नाही. साळ उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात मुरतं, एवढाच तो फरक.

या इतिहासात आपली माणसंही आहेत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत शहरात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११७ वी मराठा पलटणही होती. वेढ्यात बेरीबेरी झाला तो गोऱ्या सोल्जरांना, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. हिंदी शिपायांना कोंड्यासकट आटा आणि डाळ मिळत होती, त्यांना तो झाला नाही. पुढे मैदा संपला, गोऱ्यांच्याही वाट्याला जाडंभरडं पीठ आलं आणि त्यांच्यातला बेरीबेरी हटला. हिंदी शिपाई मात्र स्कर्व्हीने हैराण झाले. ताजी भाजी नव्हती आणि घोड्याचं मांस खायला बहुतेकांची तयारी नव्हती. एकाच वेढ्यात दोन शिधे आणि दोन वेगळे आजार. शिध्याची यादी करणाऱ्या प्रत्येकाने कुत वाचावं असं मला मनापासून वाटतं.

भारतात या आजाराचं जुनं ठाणं आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर होतं. आपल्याला भाकरीने राखलं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ०.३५ मिलिग्रॅम थायमिन असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम ०.०५. रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास, कष्टाचं काम असेल तर त्याहून जास्त. पण वसतिगृहात शंभर मुलांच्या भाकरी थापायला बाई मिळत नाही, भात सोपा पडतो. त्यात तांदूळ तीन-चारदा चोळून धुतला, पेज काढून ओतून दिली आणि बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजेना म्हणून खायचा सोडा टाकला, तर होतं नव्हतं ते थायमिनही जातं. सोड्याने डाळ लवकर गळते आणि त्यातलं ब-१ नासतं. त्यापेक्षा डाळ रात्री भिजत घाला. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेलं असतं, ब-१ नाही. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी, रोज घट्ट वरण, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे एवढं जमवा. अधीक्षकांना आणि शाळा समितीतल्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा स्वयंपाकघरात उभं राहून बघा.

तळपायाला मुंग्या किंवा आग, पोटऱ्या दाबल्यावर दुखणं, चालताना पाऊल लटकणं ही सुरुवातीची लक्षणं. जुन्या डॉक्टरांची एक साधी परीक्षा आहे. माणसाला उकिडवं बसवायचं आणि हात न टेकता उठायला सांगायचं. धडधाकट पोरगं उठताना जमिनीला किंवा मांडीला हात लावू लागलं, तर त्याला दवाखान्यात आणा. पायावर सूज, छातीत धडधड आणि दम लागणं असेल तर हृदयावर आलं आहे, त्याच दिवशी निघा. कारण थायमिनच असेल तर इंजेक्शनने काही तासांत उतार पडू लागतो. औषध स्वस्त आहे.

मोठ्यांमध्ये आज हा आजार जास्त दिसतो तो रोज दारू पिऊन जेवण टाळणाऱ्यांत. आणि इथे आपली एक सवय जिवावर बेतते: अशक्तपणा आला की सलाइन लावा. थायमिन संपलेल्या माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. माणूस बरळतो, डोळे नीट फिरत नाहीत, एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोल जातो. हे नेहमी दारूचा अंमल नसतं. यात उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून दवाखान्यात लाजेखातर दारू लपवू नका. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील किंवा बरेच दिवसांचं उपोषण सोडायचं असेल, तर तेही आधी सांगा. अशा माणसाला थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत मिळायला हवं. रक्तातली साखर एकदम उतरली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवायचं नसतं, दोन्ही एकदम द्यायचं.

राहिली बाळंतीण. काश्मीरमध्ये आणि कर्नाटकात अंगावर पिणारी, दोन-तीन महिन्यांची बाळं अचानक धापा टाकत दवाखान्यात आली. आया पांढऱ्या भातावर आणि बाळंतपणाच्या पथ्यावर होत्या, दुधात थायमिन नव्हतं. आपल्याकडेही डाळ वातूळ, शेंगदाणे पित्तकर म्हणून काही घरांत बंद होतात. सासूबाईंना, आजींना सांगणं आहे, बाळंतिणीला बाजरीची भाकरी आणि मुगाचं वरण पहिल्यापासून द्या. बाळ दूध ओढेनासं झालं, रडताना आवाज बसला किंवा बरगड्या आत ओढून श्वास घेऊ लागलं, तर तशाच रात्री जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा की बाळाची आई महिनाभर काय जेवते आहे.