वेंगुर्ल्याच्या बेटांवरील पाकोळी

सांजवेळीं जुन्या वाड्याभोंवतीं अगर देवळाभोंवतीं गिरक्या घालणारी, कमरेवर पांढरा पट्टा असलेली लहानशी काळी पाकोळी तुम्हीं पाहिलीच असेल. तिचे पाय इतके आंखूड असतात कीं, चिमणीप्रमाणें ती फांदीवर बसूं शकत नाहीं. नख्यांनीं भिंत धरून लटकते. तिच्याच कुळांतील एक चमत्कारिक पक्षी आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रांत राहतो. त्याची आज ओळख करून घेऊं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्ल्याच्या पश्चिमेस, सुमारें 14 किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रांत खडकाळ बेटांची एक रांग आहे. प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनीं 1875 सालीं हीं बेटें पाहिलीं होतीं. तेथील गुहांत भारतीय पाकोळी वसति करते.

गुहेंत डोळ्यांत बोट घातलें तरी दिसत नाहीं असा काळोख. मग हा पक्षी भिंतीवर आपटत कसा नाहीं? उडतां उडतां तो तोंडानें 'टक् टक्' असा आवाज करतो. तो आवाज खडकावर आदळून परत येतो व त्या प्रतिध्वनीवरून पक्ष्यास वाट कळते. वटवाघूळही याच युक्तीनें फिरतें. पण त्याचा तो आवाज आपणांस बहुधा ऐकूं येत नाहीं, पाकोळीचा मात्र येतो.

घरट्यासाठीं ही पाकोळी आपली लाळ वापरते. लाळेंत पिसें व गवत मिसळून ती अर्ध्या वाटीसारखें घरटें खडकास चिकटविते व त्यांत दोन पांढरीं अंडीं घालते. चीनमध्यें अशा जातींच्या घरट्यांचें सार करून पितात, म्हणून त्यांस मोठी किंमत येते. या लोभानें येथील घरटींही चोरीस जाऊं लागलीं. घरटें ओरबाडलें म्हणजे अंडीं-पिल्लें नष्ट होतात आणि पक्ष्यास पुन्हा लाळ गाळून पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. या शतकाच्या आरंभीं चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनें वनखात्याच्या साह्यानें त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें.

हिंगोलीहून समुद्र फार दूर आहे, हें खरें. परंतु आपल्या छताखालील पाकोळीही पिसें व काड्या लाळेनेंच चिकटवून घरटें बांधते. उद्यां सायंकाळीं वडील मंडळींसह अंगणांत उभे राहा. ती किती वेळां आली, चोंचींत काय होतें, हें वहींत टिपून ठेवा. मात्र घरट्यास हात लावूं नका. तें तिच्या तोंडच्या लाळेचें, अनेक दिवसांच्या कष्टाचें आहे.