गल्ल्यावर बसणाऱ्या आईला ऑनलाइन पेमेंट कसं शिकवाल?

शहापूर घ्या नाहीतर मुरबाड, चित्र तेच. दुकानात क्यूआर कोड चिकटवलेला, मुलगा माल आणायला कल्याणला गेलेला आणि गल्ल्यावर आई. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "आजी, दोनशे पाठवले बघा." आई मान हलवते. रात्री हिशेबात दोनशे कमी.

यात आईचा काय दोष? आपण शिकवतो कसं ते बघा. "दे इकडे, मी करतो" म्हणत फोन हातातून काढून घेतो. मीही माझ्या आईशी हेच करत होतो, आणि तिने फोनला हात लावणंच सोडलं.

आपल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ती सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन यायच्या. वेळ दुपारची, घरातली-शेतातली कामं आटोपल्यावरची. म्हणजे शाळेने आज्यांची वेळ पाळली. आपण मात्र ऐन गर्दीत शिकवायला बसतो!

म्हणून दुपारी दुकान निवांत असताना बसा. आधी फोनची भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा. मग फोन आईच्याच हातात. तुमचे हात मागे, अगदी बांधून ठेवा हवं तर. शेजारच्या फोनवरून एक रुपया पाठवा आणि तो आला का हे तिलाच तिच्या फोनवर शोधू द्या. चुकली तर चुकू दे, एक रुपयाच आहे. पहिले काही दिवस एवढंच. वीज बिल, रिचार्ज नंतर बघू.

दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे नव्हेत, तसा फोटो कुणीही बनवतो. पैसे आपल्या फोनवर दिसले किंवा साउंडबॉक्स बोलला, तरच पिशवी द्यायची. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे मिळण्यासाठी पिन टाका" असं कुणी म्हणालं, की फोन खाली ठेवायचा.

तरीही फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर फोनमध्ये सेव्ह कराच, पण गल्ल्याच्या झाकणावर आतून मोठ्या आकड्यांत लिहूनही ठेवा. घाबरलेली आई कॉन्टॅक्ट कुठे शोधत बसणार?