अरण्यांमधील पाणंद



आमच्या कोकणात घरापासून देवळाकडे दोन कुंपणांमधून अरुंद वाट जाते. तिला पाणंद म्हणतात. ती कोणी बुजविली, तर घरही राहील आणि देऊळही राहील. परंतु घरचे माणूस देवळापर्यंत पोहोचणार नाही. अरण्यांचेही तसेच आहे.

आपल्या प्रदेशातील साग-खैरांच्या वनापैकी सुमारे ९२ चौरस किलोमीटर क्षेत्र इ. स. २००० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. गुजरातेतील वांसदा राष्ट्रीय उद्यान तर अवघे २४ चौरस किलोमीटरांचे. एवढ्याशा वनात थोडेच बिबळे मावतात. त्यांच्यात बाहेरचे रक्त मिसळले नाही, तर आप्तांतच संबंध होऊन संतती दुर्बळ होते. एखादी साथ आली की सारेच संपतात. म्हणून वयात आलेला प्राणी नव्या वनाच्या शोधात निघतो. त्याच्या या वाटेस शास्त्रज्ञ 'संचारमार्ग' म्हणतात.

२०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ असाच निघाला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याची वाटचाल कळत गेली. महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे आणि रस्ते ओलांडीत, तीन हजार किलोमीटरांहून अधिक फिरून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तेथे भक्ष्य होते, निवारा होता. पण वाघीण मात्र नव्हती!

मग वाट राखावी कशी? नागपूरच्या उत्तरेस पेंचच्या वनातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. तेथे पुलांखाली प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेविल्या आहेत. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांनी वाघासह अठरा जातींचे प्राणी टिपले. म्हणजे रस्ताही राहिला आणि पाणंदही राहिली.

संचारमार्गासाठी गावे उठवावीच लागतात, असे नाही. ओढ्याकाठची झाडी, शेताच्या बांधावरचे वृक्ष, भिंतीऐवजी झुडपांचे कुंपण, एवढ्यानेही वाट जुळते. मात्र बिबळ्या फिरणार, तेव्हा गुरे रात्री बंदिस्त गोठ्यात हवीत आणि गेलेल्या गुराची भरपाई वेळेवर मिळावयास हवी; नाही तर गरिबाने ही वाट का सोसावी?

आपल्या प्रदेशाभोवती गुजरात आणि महाराष्ट्र आहेत. त्यांच्या सीमा नकाशावर दिसतात; बिबळ्यास त्या ठाऊक नाहीत. मुलांनो, खानवेलच्या रस्त्याने जाल तेव्हा झाडी कोठे जुळते आणि कोठे तुटते, हे वहीत टिपून ठेवा. वारली बांधव वाघदेवाला पूजतात. ज्याला देव म्हणावयाचे, त्याची वाट आपण अडवावी काय?