नाव आज सांगणार नाही

प्रिय सोहम,



पाचनई गावाच्या वरच्या कड्यावर तुला दिसलेल्या फुलाचा फोटो मिळाला. खाली फक्त ‘आत्या, नाव सांग’ एवढंच लिहिलं आहेस. एक नाव माझ्या मनात आलंय, पण ते आज सांगणार नाही. ते कळलं की तू वहीत टिपून मोकळा होशील आणि त्या झाडाकडे पुन्हा फिरकणार नाहीस. शिवाय तुझ्या फोटोत फूल भरून आलंय, पानं कडेला कापली गेलीत आणि खोड तर दिसतच नाही.

तरी जेवढं दिसतंय त्यावरून बरंच पुढे जाता येतं. तळाशी फुगलेली नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा, म्हणजे हे कंदीलपुष्प. रुई आणि अनंतमूळ यांचं हे भाऊबंद. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात. वासाने आलेली चिलटं आत उतरतात, पण केसांमुळे त्यांना माघारी फिरता येत नाही. केस कोमेजले की त्यांची सुटका होते आणि परागांच्या पुड्या त्यांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात. हे बघायला फूल चिरू नकोस. सकाळच्या उन्हात नळी पाठीमागून उजळते तेव्हा भिंग लावून बघ.

खरं काम इथून पुढे आहे. सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या काही मोजक्याच डोंगरांवर सापडतात. तुझं झाड आपल्या पायावर उभं आहे की गवताला वेढे घालत चढलंय? पानं गवतासारखी चिंचोळी की रुंद, त्यांना देठ आहे का, लव आहे का? पेऱ्यावर एकच फूल की झुपका? मोजपट्टी शेजारी धरून नळी आणि पिंजरा वेगवेगळे मोज. कातळावर माती किती आहे, कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि सोबतीला सोनकी आहे, कारवी आहे की नुसतं गवत, तेही लिही. यातलं काहीच घरी येऊन आठवत नाही.

मग थिओडोर कुक उघड. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला आणि आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याची भाषा रुक्ष आहे, पण थोड्या दिवसांत सवय होते. कुकनंतर या गटात नव्या जातींची भर पडली आहे, त्यामुळे झाड त्याच्या वर्णनात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नकोस. मोबाइलवरच्या ॲपचं उत्तरही ताडून बघ, पण त्यावर विसंबू नकोस. ज्या जातींचे फोटो भरपूर, त्याच ते चांगल्या ओळखतं. एखाद्या डोंगरापुरत्या जातीला ते सहज दुसऱ्याच ओळखीच्या जातीचं नाव लावून टाकतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. या झाडाचा जमिनीतला कंद उकरायचा नाही. एक तर तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तिथलं काहीही परवानगीशिवाय काढता येत नाही. दुसरं म्हणजे कंद गेला की झाडच गेलं, पुढच्या पावसात तिथे काही उगवणार नाही. गुराखी पोरं हे कंद खात आली आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. भीती वाटते ती दुर्मीळ झाड कुंडीत लावायच्या हौसेपायी गाड्या घेऊन येणाऱ्यांची. म्हणून फोटो कुणाला पाठवलास तरी जागा सांगू नकोस आणि फोटोच्या फाइलमध्ये आपोआप साठलेलं ठिकाणही आधी पुसून टाक.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ते याला काय म्हणतात आणि पूर्वी ते कुठे कुठे दिसायचं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पाऊस ओसरला की शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा धरतील, त्या बघायला पुन्हा वर जावं लागेल.

तुझं टिपण आलं की माझ्या मनातलं नाव कळवीन. तुझं नि माझं जुळलं नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला ये. सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवून ठेवलेले जुने नमुने आहेत. परवानगी घेऊन ते दोघं मिळून बघू.

तुझी,
आत्या