चि. मुग्धाला, समासातल्या टिपांविषयी

हॅमिल्टन, ओंटारियो

चि. मुग्धा,



संख्याशास्त्राचा पहिला वर्ग तुझ्याकडे आला, आणि ओपनस्टॅक्सचं मोफत पुस्तक प्रेसबुक्सवर घेऊन तू त्यात ‘भरपूर’ इंटरॅक्टिव्ह गोष्टी घालणार आहेस, हे वाचून आनंद झाला. ‘भरपूर’ या शब्दाने मात्र थोडी धडकी भरली. सीसी बाय परवाना आहे, मूळ लेखकांचं श्रेय ठेवून हवे ते बदल करता येतात. पण करता येतात म्हणून सगळे करू नकोस.

मी पहिल्या वर्षी एका प्रकरणात चौदा एचफाइव्हपी, म्हणजे पानातच सोडवायचे छोटे सराव, घातले होते. पत्ते उलटा, शब्द ओढून रिकाम्या जागी टाका, असले. मुलं खटाखट क्लिक करत तळाशी पोचायची, हिरवी खूण मिळवायची, आणि परीक्षेत पाटी कोरी. तिसऱ्या वर्षी त्यातले दहा काढले. उरलेले चार जिथे मुलं हमखास अडखळतात तिथे ठेवले. त्यातला एक कॉन्फिडन्स इंटर्व्हलचा. ‘९५ टक्के’ हे शब्द दिसले की निम्मा वर्ग समजतो, ९५ टक्के माणसांची उंची या टप्प्यात आहे. तो अर्थ मी उत्तराचा एक पर्याय म्हणूनच ठेवला, आणि तो निवडला की खाली ‘चूक’ एवढंच न येता एक प्रश्न येतो: नमुना चौपट मोठा घेतला तर टप्पा निम्म्यावर येतो, मग माणसांच्या उंचीतला फरकही निम्मा झाला का? पर्याय मनाने रचू नकोस, जुन्या उत्तरपत्रिकांतून उचल. मुलांच्या चुका आपल्यापेक्षा कल्पक असतात!

सर्वांसाठी खुल्या पानावर सोडवलेल्या उत्तरांचे गुण आपोआप तुझ्यापर्यंत येत नाहीत, त्यासाठी पुस्तक कॉलेजच्या प्रणालीला जोडावं लागतं. मी ते कधी जोडलंच नाही. गुण नसले की मुलं चुकायला घाबरत नाहीत.

आता समासातल्या टिपांचं. हायपोथेसिसमध्ये, म्हणजे वेबपानावर टिपा लिहायच्या साधनात, आधी वर्गाचा खासगी गट कर, नाहीतर कुणाची तरी भाबडी शंका जगाला दिसेल आणि ते पोर पुन्हा तोंड उघडणार नाही. ‘प्रत्येकाने तीन टिपा लिहा’ असं सांगशील तर ‘छान मुद्दा’, ‘मला पटलं’ यांचा पाऊस पडेल. मी एवढंच सांगायचे: जे वाक्य तुला दोनदा वाचावं लागलं, तिथे टीप लिही आणि का वाचावं लागलं ते सांग. पहिले दोन आठवडे तू स्वतः रोज उत्तर दे, अगदी एका ओळीचं. नंतर मुद्दाम एक दिवस उशीर कर. तेवढ्यात मागच्या बाकावरचा कुणीतरी उत्तर लिहून मोकळा होतो, आणि ते आपल्यापेक्षा सोपं असतं.

पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनीही आपलं म्हणणं असं वेगळ्या टिपांत लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांची भर मूळ मजकुरातच मिसळत गेली, आणि एकनाथांना १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध करावा लागला. हायपोथेसिसमध्ये टीप वेगळ्या थरात राहते, मजकुराला धक्का लागत नाही.

मात्र मजकुराचा धक्का टिपेला लागतो. ती शब्दांना आणि पानाच्या पत्त्याला चिकटलेली असते. मी एकदा सत्राच्या मधेच एका परिच्छेदाची भाषा सुधारली आणि आठवडाभराच्या चर्चेतल्या अकरा टिपा ‘अनाथ’ झाल्या. हायपोथेसिस अशा टिपांना खरंच अनाथच म्हणतं. म्हणून सुधारणा वहीत टिपून ठेव आणि सत्र संपल्यावर कर. पुस्तकाची नवी प्रत केलीस तर टिपा जुन्या पत्त्यावरच राहतात, तेही ध्यानात असू दे.

पुढच्या आठवड्यात प्रकरणाचा दुवा पाठव. मी विद्यार्थिनी म्हणून वाचते. माझ्या शंका गटातच लिहीन, फोनवर नाही.

तुझी,
आत्या

ता. क. काही मुलं पीडीएफ उतरवून बसमध्ये वाचतात. त्यात एचफाइव्हपी चालत नाही, नुसता दुवा दिसतो. म्हणून प्रत्येक प्रश्न प्रकरणाच्या शेवटी साध्या मजकुरातही छापून ठेव.