भट्टीच्या वाऱ्याबद्दल

सोलापूर

चि. सुहास,

तुझं पत्र पोचलं. बार्शीच्या घरामागं पत्र्याच्या शेडखाली ट्रकच्या ब्रेक ड्रमची भट्टी मांडलीस, बाभळीचा कोळसा आणून ठेवलास, आणि वाऱ्यापाशी गाडं अडलं. नवा ब्लोअर परवडत नाही म्हणून जुन्या कूलरचा पंखा पाईपाला जोडलास, तर निखारा नुसता धुमसतो आणि लोखंड काळ्याचं तांबडं होत नाही. "याहून मोठा पंखा बसवू का?" असं विचारलंयस. बसवू नकोस. मोठ्यानंही हेच होईल.

कूलरचा पंखा, टेबल फॅन, न्हाणीघरातला एक्झॉस्ट, हे सगळे एकाच जातीचे. पुढं मोकळं असलं की ढिगानं वारा ढकलतात, अडथळा आला की वारा पात्यांच्या मधूनच माघारी फिरतो. पटत नसेल तर पुठ्ठ्याला मधोमध रुपयाएवढं भोक पाड आणि चालू टेबल फॅनच्या जाळीला चिकटवून धर. भोकातून येणाऱ्या वाऱ्यात जोर उरायचा नाही. कोळशाचा थर म्हणजे तसलाच पुठ्ठा. भट्टीला वारा थोडा चालतो, पण त्याला जोर लागतो.

तुला पाहिजे ती दुसरी जात. पिंपासारखं चाक, त्याच्या कडेनं उभ्या पट्ट्या, आणि भोवती शंखासारखं वळत गेलेलं कव्हर. असं चाक मधून वारा ओढतं आणि कडेनं भिरकावतं. मोटारीच्या एसीमध्ये हेच असतं. घिसाडी बाया पालासमोर बसून हातानं फिरवतात त्या पंख्याच्या डब्यातही असंच चाक असतं.

जोर मोजायला उपकरण विकत घेऊ नकोस. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी हातभर माग. तिला यूसारखा बाक देऊन अर्ध्यापर्यंत पाणी भर आणि एक तोंड भट्टीजवळच्या पाईपाला पाडलेल्या भोकात घट्ट बसव. निखारा भरलेला असताना ब्लोअर सुरू केलास की एका बाजूचं पाणी उतरेल, दुसरीकडचं चढेल. दोन पातळ्यांत दोनेक इंचांचं अंतर पडलं तर तुझ्या भट्टीला पुष्कळ झालं. कूलरच्या पंख्यानं पाणी जागचं हलतंय का, तेवढं मला कळव.

आता स्वस्तात काय मिळेल ते. हेअर ड्रायर सगळ्यांना सुचतो, तुलाही सुचला असेल. त्यात एक खोच आहे. पुष्कळ स्वस्त ड्रायरमध्ये मोटर कमी व्होल्टची असते आणि तिला वीज येते ती आतल्या तापणाऱ्या तारेतून. उष्णता नको म्हणून ती तार तोडली की मोटर तरी बंद पडते, नाहीतर थेट जोडणी केल्यावर जळते. माझे दोन ड्रायर असेच गेले. मिक्सरच्या मोटरवर पत्र्याचं घरगुती चाक बसवायचा विचार तर मनातही आणू नकोस. ती मोकळी फिरली की मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि पत्र्याचं पातं त्या वेगात सुटलं तर कुणाच्या गळ्याला लागेल याचा नेम नाही. जुना व्हॅक्यूम क्लीनर चालतो, पण त्याचा वारा फार, आणि त्याची मोटर त्याच वाऱ्यानं थंड राहते. तोंड दाबून वारा कमी केलास की ती तापते. वापरायचाच तर पाईपाला फाटा काढून जादा वारा बाहेर सोड, आणि 230 व्होल्टची वस्तू लोखंडाशी जोडतोयस म्हणून अर्थिंग आधी तपासून घे.

माझं मत विचारशील तर भंगारवाल्याकडून मोटारीच्या एसीचा ब्लोअर आण. 12 व्होल्टवर चालतो, शॉकची भीती नाही, आणि दिवे गेले तरी जुन्या बॅटरीवर तासभर काम निघतं. एरवीसाठी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून जुना एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घे. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो, पिवळ्या तारांवर 12 व्होल्ट मिळतात. ब्लोअर बरेच अँपिअर ओढतो म्हणून तीन-चार पिवळ्या तारा एकत्र पिळ, एकटी तापेल. डबा मात्र उघडू नकोस, बंद केल्यावरही आत वीज साठलेली असते. ब्लोअरसोबत वेग कमी-जास्त करणारा छोटा रेझिस्टर येतो, तो होता तिथंच राहू दे. वाऱ्यात असतो म्हणूनच तो जळत नाही. ब्लोअरचं तोंड चौकोनी असेल, तिथून दोन इंची पाईपापर्यंत पत्र्याचं नरसाळं वळवून घे. पाईपाला बाक जितके कमी तितकं बरं.

खरं महत्त्व पुढच्या गोष्टीला आहे, आणि तिला जवळजवळ पैसेच लागत नाहीत. पाईपाला आडवी चीर पाडून त्यात पत्र्याची सरकती पट्टी घाल. तुझा सगळा हात त्या पट्टीवर राहिला पाहिजे. या जातीच्या ब्लोअरचं तोंड दाबलं तरी मोटरवर ताण येत नाही, उलट ती हलकी चालते, तेव्हा पट्टी बिनधास्त सरकव.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. मोहोळ तालुक्यात आपली लोहारसाळ होती तेव्हा भाता ओढायचं काम माझ्याकडं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 सालापासूनचा, तरी आमच्याकडं लाकडी नांगराचे फाळ शेवटायला येतच होते, आणि ऊसतोडीच्या आधी कोयत्यांची रांग लागायची. तुझे आजोबा "ओढ" किंवा "थांब" असं कधी म्हणायचे नाहीत. हातोडी ऐरणीच्या कडेवर टेकली की मी हात सैल सोडायचा. एकदा वेशीत एसटी आली, तिच्यातून कोण उतरतंय ते बघण्यात मी गुंगलो आणि भाता तसाच ओढत राहिलो. निखाऱ्यातून दिवाळीच्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या. कमानपाट्याचा कोयता, त्याची धार जळून चाळणीसारखी झाली होती. आजोबांनी तो सांडशीनं बाहेर काढला, पाण्यात न घालता तसाच निवू दिला आणि आढ्याला टांगून ठेवला. मला एक शब्द बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला नवा कोयता करून दिला.

तुझ्या ब्लोअरला ऐरणीचा आवाज ऐकू येत नाही. एकदा बटण दाबलं की तू घाम पुसायला गेलास तरी तो फुंकतच राहणार. लोखंड आत नसताना पट्टी जवळजवळ बंद ठेव, आत असताना डोळा काढू नकोस.

पाईपाबद्दल. भट्टीलगतचा दोन फुटांचा तुकडा काळ्या लोखंडी पाईपाचा घे. पीव्हीसी वितळेल हे तुला कळतंच. जीआय पाईप चांगला म्हणून लावशील, पण त्याच्यावरचं जस्त तापलं की पांढरा धूर येतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी गिरणीच्या वर्कशॉपात असताना अशा दोन रात्री काढल्या आहेत.

पुढं दगडी कोळशावर गेलास तर आणखी एक जपायचं. वारा बंद केला की कोळशाचा गॅस उलटा पाईपात शिरतो, आणि पुन्हा बटण दाबलं की बार उडतो. म्हणून ड्रमच्या बुडाशी राख पाडायचं झाकण कर, ते वजनानं नुसतं टेकलेलं ठेव, बोल्ट मारू नकोस. काम थांबवताना ते उघडं टाक. बार उडालाच तर झाकण उघडेल, ब्लोअर फुटणार नाही. आणि शेडच्या निदान दोन बाजू मोकळ्या पाहिजेत. पावसाळ्यात ताडपत्र्या लावून भट्टी पेटवशील, तसं करू नकोस. निखाऱ्याचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

एक मात्र तुझं चुकलंय. भट्टी उन्हात येते असं लिहिलंयस. आपल्याकडच्या उन्हात तांबडं लोखंड काळंच दिसतं. माणूस अजून वारा देतो, आणि सावलीत नेऊन बघतो तर ते पिवळं होऊन गेलेलं. जागा बदल, शेडच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ये. ठोकायला केशरी रंग धर. पाणी देताना रंगाचा भरवसा वाटत नसेल तर तारेला लोहचुंबक बांधून लाव. तो चिकटायचा थांबला की लोखंड 770 अंशांच्या वर गेलं. त्याहून थोडंसंच पुढं जाऊ दे आणि बुडव.

मे महिन्यात दुपारी भट्टी पेटवू नकोस, पहाटे पेटव.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही सगळे येणारच आहात. तोवर एखादा कोयता झाला तर घेऊन ये. जळला असला तरी आण, आजोबांचा अजून माझ्याकडं टांगलेला आहे, त्याच्या शेजारी लावू.

तुझा,
अण्णाकाका